गाठीचं मूळ गाव

शहापूरचं पाणी मुंबईला जातं हे आमच्याकडे प्रत्येक पोराला माहीत असतं. तानसा १८९२ साली बांधून झालं, नंतर भातसा आलं, आणि जलवाहिन्यांच्या कडेनं चालत शाळेत गेलेल्या पिढ्या इथे आहेत. पण याच दिशेनं आणखी एक गोष्ट जाते, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. काडेपेटीहून लहान, पांढरट मेणाचा एक ठोकळा. नातेवाईक तो रिपोर्टांच्या फाईलमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेतात. शहापूरचे लोक आसनगावला लोकल पकडतात, मुरबाडचे एसटीनं कल्याण गाठतात, आणि पुढे बहुतेकांचा रस्ता परळला जातो. त्या मेणात माणसाच्या शरीराचा सुतळीएवढा तुकडा असतो. बायोप्सीचा ‘ब्लॉक’ म्हणतात तो हाच.

हा लेख अशा एका ब्लॉकबद्दल आहे, यकृतातल्या गाठीच्या. त्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न आपण गावाकडे कुणाही अनोळखी माणसाला विचारतो तोच असतो: मूळ गाव कोणतं?

प्रश्न साधा वाटतो, पण सगळे उपचार त्यावर ठरतात. आतडी, जठर, स्वादुपिंड यांच्याकडून येणारं रक्त यकृतातून गाळून पुढे जातं. त्या रक्ताबरोबर आलेल्या कॅन्सरच्या पेशी यकृतात मुक्काम ठोकतात आणि तिथे वाढतात. म्हणजे यकृतात गाठ असली तरी कॅन्सर यकृताचा असेलच असं नाही. तो यकृताच्या पेशींचा असू शकतो, यकृतातल्या पित्तनलिकांचा असू शकतो किंवा आतड्यातून आलेला असू शकतो. तिघांची औषधं वेगळी, ऑपरेशनचा विचार वेगळा, पुढची वाट वेगळी. सिऱ्होसिस झालेल्या रुग्णाच्या सीटी स्कॅनमध्ये ठरावीक खुणा दिसल्या तर तुकडा न काढताही यकृताचा कॅन्सर ठरवता येतो. जिथे स्कॅन ठामपणे बोलत नाही, तिथे तुकड्यालाच विचारावं लागतं.

दोन रंग आणि एक धोतर

तुकडा टिकवायची आजची पद्धत १८९३ पासूनची आहे. जर्मनीत फर्डिनांड ब्लूम यांना जंतुनाशक म्हणून फॉर्मलिन वापरताना दिसलं की त्यात शरीराचा भाग कडक होतो आणि सडत नाही. फॉर्मलिनमध्ये मुरलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे केसापेक्षा कितीतरी पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे. पेशीचं केंद्रक निळं, बाकीचं गुलाबी. जगभरच्या पॅथॉलॉजीचा पाया आजही हेच दोन रंग आहेत.

आपल्याकडे या कामाला शिस्त लावली डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. स्लाइड बघून नुसतं ‘कॅन्सर आहे’ असं लिहून ते थांबत नसत. तो याच माणसाला, याच जागी का झाला, असं विचारत. १९४५ मध्ये त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी कॅन्सर आणि राहणीच्या सवयींवर एक शोधनिबंध लिहिला. त्यात कमरेवरच्या त्वचेच्या एका कॅन्सरचं वर्णन आहे. कारण काय, तर वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट बांधलेलं धोतर. कातडी घासून काळी पडते, जखम होते, ती भरत नाही आणि शेवटी तिथे गाठ येते. वैद्यकाच्या पुस्तकांत तो ‘धोती कॅन्सर’ म्हणून नोंदला गेला.

मी हे मुद्दाम सांगतोय. काचेवरच्या तुकड्यापासून माणसाच्या कपड्यांपर्यंत, स्वयंपाकघरापर्यंत चालत जायचं, ही मुंबई-पुण्याच्या पॅथॉलॉजीतली एक जुनी वाट आहे. पुढे यकृताच्या बाबतीत तीच वाट पुन्हा दिसेल.

गर्भातली आठवण

निळ्या-गुलाबी रंगात आकार दिसतो, ओळखपत्र दिसत नाही. कॅन्सर जितका बेबंद, तितक्या त्याच्या पेशी आपला मूळ चेहरा हरवून बसतात. मग यकृताची गाठ आणि आतड्याची गाठ काचेवर सारखीच दिसू शकते.

खानोलकर परळला रुजू झाले त्याच साली, १९४१ मध्ये, अमेरिकेत हार्वर्डला अल्बर्ट कून्स यांनी एक नवी युक्ती केली. शरीर जंतूंविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं आणि ती फक्त आपल्या ठरलेल्या रेणूलाच चिकटते. कून्स यांनी न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडला. जिथे जंतू, तिथे चमक. १९६०च्या दशकात चमकणाऱ्या रंगाच्या जागी एन्झाइम आलं आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी डाग म्हणून उत्तर दिसू लागलं. या तपासणीला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात. रिपोर्टात तुम्हाला ‘आयएचसी’ एवढंच दिसेल.

आता शोधायचं काय, हा प्रश्न उरला. यकृताच्या कॅन्सरची पहिली खूण रशियात सापडली. १९६३ मध्ये मॉस्कोत गॅरी अबेलेव यांना यकृताचा कॅन्सर झालेल्या उंदरांच्या रक्तात एक प्रथिन दिसलं. एरवी ते फक्त गर्भातल्या पिल्लांच्या रक्तात असतं आणि जन्मानंतर जवळजवळ नाहीसं होतं. लगेचच आस्त्राखानमध्ये युरी तातारिनोव यांना तेच प्रथिन यकृताचा कॅन्सर झालेल्या माणसांत आढळलं. आज त्याला अल्फा-फीटोप्रोटीन म्हणतात, डॉक्टरांच्या तोंडी ‘एएफपी’. म्हातारपणी लहानपणची बोली पुन्हा जिभेवर यावी, तशी कॅन्सर झालेली पेशी गर्भातलं प्रथिन पुन्हा बनवू लागते.

वाटलं होतं, प्रश्न मिटला. मिटला नाही. अनेक रुग्णांच्या गाठीत एएफपी उमटतच नाही आणि दुसऱ्या काही गाठींतही ते सापडतं. या सगळ्या इतिहासात हेच पुन्हा पुन्हा होतं. प्रत्येक नवी खूण ‘हाच तो’ म्हणून येते आणि काही वर्षांत अनेक साक्षीदारांपैकी एक होऊन बसते.

धंद्यावरून ओळख

१९७५ मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारची अँटिबॉडी हवी तेवढी बनवण्याची पद्धत शोधली. १९८४ चं नोबेल त्यांना मिळालं. त्यानंतर खुणांची रांगच लागली. १९९३ मध्ये यकृतासाठी ‘हेप-पार-१’ नावाची अँटिबॉडी आली. नावातला ‘पार’ म्हणजे पॅराफिन, आपलं मेण, कारण ती मेणातल्या जुन्या ब्लॉकवरही चालते. गंमत अशी की ती नेमकी कशाला चिकटते हे कळायला २००८ साल उजाडलं. शरीरातल्या अमोनियाचा युरिया करणाऱ्या यकृताच्या कारखान्यातलं एक एन्झाइम निघालं ते. पुढे वापरात आलेली आर्जिनेझ-१ ही खूणही त्याच कारखान्यातली. चेहरा बदलला तरी हातातलं काम सुटत नाही. पेशीची ओळख अशी तिच्या धंद्यावरून पटते.

मी दिवसभर कोड लिहितो, म्हणून हा सगळा प्रकार पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ट्रूथ टेबल दिसलं. हेप-पार-१ आणि आर्जिनेझ-१ उमटले तर यकृताच्या पेशी. सीके७ आणि सीके१९ उमटून यकृताच्या खुणा गप्प असतील तर पित्तनलिकांचा संशय. सीके२० आणि सीडीएक्स२ उमटले तर मोठ्या आतड्याकडे बघा. चार ओळींचा प्रोग्राम झाला की!

पण टेबल इतकं सरळ चालत नाही. जठराच्या काही कॅन्सरमध्येही हेप-पार-१ उमटतं. फार बेबंद गाठीत यकृताचा कारखानाच बंद पडलेला असतो, मग दोन्ही खुणा गप्प. शिवाय दुसरा एक प्रश्न असतोच: पेशी यकृताच्याच आहेत हे पटलं, पण ती गाठ कॅन्सर आहे की सिऱ्होसिसमधली अजून कॅन्सर न झालेली गाठ? इथे हेप-पार-१चा उपयोग नाही, कारण ते निरोगी यकृतातही उमटतं. त्यासाठी ग्लिपिकॅन-३, एचएसपी७० आणि ग्लुटामिन सिंथेटेझ अशा तीन खुणांचा संच वापरतात. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की तिन्हींपैकी कोणत्याही दोन उमटल्या तर निदान पक्कं धरता येतं. त्यांच्या अभ्यासात एकही निरपराध गाठ अशी अडकली नाही. मात्र त्याच अभ्यासात १०० पैकी साधारण २८ खरे कॅन्सर या चाळणीतून निसटत होते. म्हणजे खूण उमटली तर आरोप सिद्ध; उमटली नाही म्हणून सुटका नाही. म्हणून आधी दोन रंगांची जुनी स्लाइड, रुग्णाची हकीकत, स्कॅन, आणि मग खुणा. पॅथॉलॉजिस्टच्या डोक्यात प्रश्न तयार नसेल तर तपकिरी डागाला काही अर्थ नसतो.

कुकरची शिट्टी

ज्या फॉर्मलिननं तुकडा टिकतो, त्याच फॉर्मलिननं प्रथिनं एकमेकांना इतकी जखडतात की अँटिबॉडीला खूण सापडत नाही. बरीच वर्षं हा अडथळा होता. १९९१ मध्ये शान-रोंग शी आणि सहकाऱ्यांनी मायक्रोवेव्हमध्ये स्लाइड तापवून ही गाठ सोडवली. द्रावणात उकळलं की जखडलेली प्रथिनं सैल होतात. लवकरच प्रेशर कुकरही याच कामाला लागला. आपल्याकडच्या कित्येक प्रयोगशाळांत डाळभाताला असतो तसाच कुकर आयएचसीसाठी असतो, फक्त आत स्लाइडची मांडणी.

मात्र कुकर जखडलेलं सोडवतो. सडलेलं परत आणत नाही. तुकडा शरीराबाहेर आला की पेशी स्वतःलाच पचवायला लागतात. लगेच पुरेशा फॉर्मलिनमध्ये पडला तर त्याची साक्ष वर्षानुवर्षं टिकते. नाही पडला, तर मुंबईतलं सगळ्यात महागडं मशीनही त्याला बोलतं करू शकत नाही.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. आमच्या आळीत भातशेती करणारे एक काका आहेत. डोळे पिवळे झाले तेव्हा रीतीप्रमाणे आधी कावीळ उतरवून झाली, गळ्यात माळ घालून झाली. नंतर सोनोग्राफीत यकृतात गाठी दिसल्या आणि एका ठिकाणी बायोप्सी झाली. मी रोज मुंबईला जाणारा म्हणून बाटली पोचवायचं काम माझ्याकडे आलं. प्रयोगशाळेतल्या बाईंनी झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, “हे सलाइनमध्ये का ठेवलंय?” फॉर्मलिनचा वास डोळ्यांत पाणी आणतो, या बाटलीला वासच नव्हता. तुकडा दोन दिवस मिठाच्या पाण्यात होता. रिपोर्ट आला: पेशी खराब झालेल्या, खुणांचा अर्थ लावता येत नाही, बायोप्सी पुन्हा करावी. यकृतात पुन्हा सुई म्हणजे पुन्हा रक्तस्रावाची धास्ती, पुन्हा खर्च, तीन आठवडे वाया.

दुसऱ्या वेळी तुकडा नीट आला. सीके२० उमटलं, सीडीएक्स२ उमटलं, यकृताच्या खुणा गप्प.

मी काकांना सांगितलं, “काका, लिव्हरचा नाहीये तो. मोठ्या आतड्यातून आलाय.”

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हंजी घर एकीकडं नि मुक्काम दुसरीकडं. मंग औषद घरावर कर म्हनावं डाक्टरला.”

इतक्या वाचनानंतरही मला हे इतक्या थोडक्यात सांगता आलं नसतं. त्यांच्यावर आतड्याच्या कॅन्सरचे उपचार सुरू झाले.

या इतिहासात कून्स आहेत, कोहलर आहेत, नोबेल आहे. पण तालुक्याच्या पातळीवर निदानाचं नशीब फॉर्मलिनच्या बाटलीपाशी ठरतं. तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मलिन हवं आणि बाटलीवर नाव, तारीख, वेळ हवी. एवढ्यासाठी मशीन लागत नाही.

दगडफूल आणि पितळेचं भांडं

आता महाराष्ट्रातली गोष्ट, जी या विषयावर वाचताना मला सगळ्यात जास्त आवडली. ती कॅन्सरची नाही, पण यकृताच्या तुकड्यावरच्या खुणेचीच आहे.

ऑर्सीन नावाचा एक जुना रंग आहे. तो लायकेनपासून काढत. गोड्या मसाल्यातलं दगडफूल हेही लायकेनच. १९७४ मध्ये जपानमधल्या शिकाता यांनी दाखवलं की ऑर्सीननं रंगवलेल्या यकृताच्या पेशीत हिपॅटायटिस बीच्या विषाणूचं बाहेरचं आवरण तपकिरी दिसतं. अँटिबॉडीची गरज नाही, जुना ब्लॉकही चालतो, खर्च नगण्य. हा विषाणू म्हणजे यकृताच्या कॅन्सरचं जगभरातलं एक मोठं कारण.

त्याच दशकाच्या शेवटी ऑर्सीननं भारतीय मुलांच्या यकृतात वेगळंच काही दाखवलं. तेव्हा एक ते तीन वर्षांच्या मुलांना होणारा, जवळजवळ नेहमीच जीव घेणारा एक आजार आपल्या देशात होता: इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस. पोट फुगायचं, यकृत दगडासारखं व्हायचं, एकाच घरातली दोन-दोन मुलं जायची. या मुलांच्या यकृतात ऑर्सीनचे गडद दाणे दिसले. ते विषाणूचे नव्हते. तांबं धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचे होते. दोन्हींमध्ये गंधक भरपूर असतं, म्हणून दोन्ही एकाच रंगानं रंगतात. रंग एक, अर्थ दोन. तांबं मोजलं तेव्हा निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असणारं तांबं या मुलांत कित्येक पटींनी जास्त निघालं.

मग प्रश्न पुन्हा तोच: कुठून आलं? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर हा प्रश्न घेऊन रुग्णांच्या घरांपर्यंत गेले. आजारी मुलांना गाई-म्हशीचं दूध लवकर सुरू झालेलं होतं आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलं आणि ठेवलं जात होतं. दुधातलं केसिन भांड्याचं तांबं ओढून घेतं आणि बाळाच्या पोटात पोचवतं. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा निष्कर्ष छापून आला. काही मुलांमध्ये मुळात जनुकीय कलही असावा, असं नंतर मांडलं गेलं. पण भांडी बदलल्यावर जे झालं ते बोलकं होतं. घरोघरी स्टील आलं, दुधाचं पितळी भांडं फडताळात गेलं आणि दशकभरात हा आजार पुण्याच्या वॉर्डांतून जवळजवळ दिसेनासा झाला. पितळेच्या भांड्याला कल्हई का लावायची, हे आजीला माहीत होतं. कल्हई उडालेल्या भांड्यात तान्ह्याचं दूध ठेवलं की काय होतं, हे एका लायकेनच्या रंगानं दाखवलं.

खानोलकरांच्या धोतराची वाट ती हीच.

खूण जेव्हा लस होते

हिपॅटायटिस बीच्या डागाचंही तसंच झालं. हे आवरणाचं प्रथिन बारूक ब्लमबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात सापडलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी ते ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ या नावानं जगासमोर मांडलं आणि १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९८१ मध्ये पामर बीस्ली यांनी तैवानमधल्या २२,७०७ पुरुषांचा अभ्यास छापला. ज्यांच्या रक्तात ही खूण होती त्यांना यकृताचा कॅन्सर होण्याचा धोका इतरांच्या २२३ पट निघाला. तैवाननं १९८४ पासून तान्ह्या बाळांना लस द्यायला सुरुवात केली. दहा वर्षांत तिथल्या सहा ते चौदा वयोगटातल्या मुलांमधलं यकृताच्या कॅन्सरचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं.

भारतात १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं ही लस स्वस्तात बनवली. सरकारी लसीकरणात ती २००२ च्या सुमारास काही भागांत आली आणि २०११ पर्यंत देशभर पोचली. आज पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायचा असतो, कारण आईकडून बाळाकडे विषाणू जातो तो प्रसूतीच्या वेळीच. इतक्या लहानपणी लागण झालेल्या दहापैकी नऊ बाळांत तो कायमचा घर करतो.

त्या लसीच्या कुपीत असतं काय? शिकातांच्या स्लाइडवर तपकिरी दिसलेलं विषाणूच्या आवरणाचं तेच प्रथिन, यीस्टमध्ये वाढवून शुद्ध केलेलं. यकृताच्या तुकड्यात ज्याला आपण रोगाची खूण म्हणून शोधत होतो, तेच बाळाला टोचलं की शरीर त्याला ओळखायला शिकतं.

हेप-पार-१साठी परळपर्यंत जावं लागतं. फॉर्मलिनची भरलेली बाटली तालुक्यातच मिळायला हवी. आणि शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात जन्मलेल्या बाळाचा पहिला डोस तर त्याच खाटेवर, त्याच दिवशी देता येतो. तुमच्या घरात पाळणा हलणार असेल तर नर्सबाईंना एवढंच विचारा: हिपॅटायटिस बीची जन्माची लस दिली का, आणि कार्डावर वेळ लिहिली का?